वसईचे आरमार व सागरी संरक्षण

वसईचे आरमार व सागरी संरक्षण : महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई हे बंदर व त्याभोवतीचे बेट यांच्या रक्षणासाठी सोळाव्या शतकापासून निरनिराळ्या सत्तांनी उभारलेली नाविक व्यवस्था. गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे व इंग्रज यांच्याकडे हा प्रदेश क्रमाने गेला. द्वीपराष्ट्रांच्या संरक्षणात नौदलाला जे अग्रस्थान असते, तेच लहान प्रमाणावर वसईच्या इतिहासात दिसून येते. वसईचा कोट १७३९ व १७८० या दोन्ही वर्षी जमिनीकडून झालेल्या हल्ल्याने पडला. परंतु दोन्ही वेळी त्याचे भवितव्य आधी पाण्यावर ठरलेले होते. तट कितीही भक्कम असला, तरी जहाजांची ये-जा चालू असेपर्यंतच बेटावरील किल्ला टिकतो, ही गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते.

भौगोलिक स्थान : वसईच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणेचे मुख आहे. पूर्वेकडील सोपाऱ्याच्या खाडीमुळे हा भूभाग पूर्वी मुख्य भूमीपासून तुटलेला होता. पुढे ही खाडी गाळाने भरत गेली आणि वसईचे बेटपण पुसट झाले. याच खाडीवरील सोपारा (प्राचीन शूर्पारक) हे प्राचीन काळी भरभराटीचे बंदर होते. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अंश सापडले असून १८८२ मध्ये बौद्ध स्तूपाचे उत्खनन झाले. सोपाऱ्याचे महत्त्व ओसरल्यावर व्यापार आगाशी व वसई या बंदरांकडे वळला.

लष्करी दृष्ट्या वसईचे महत्त्व दोन गोष्टींमुळे होते. वसईच्या खाडीतून घोडबंदर, ठाणे व कल्याणपर्यंत गलबते जात असत. त्यामुळे खाडीचे मुख ज्याच्या हाती, त्याच्या हाती कल्याण-भिवंडीच्या समुद्राकडील एका प्रमुख वाटेची किल्ली असे. दुसरे म्हणजे, पाठीमागील जंगलात सागवानी लाकूड विपुल होते. आगाशी हे सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. वैतरणेच्या मुखावर अर्नाळा बेट आणि वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर धारावीची टेकडी या दोन जागा वसईच्या रक्षणाच्या नैसर्गिक चौक्या होत.

पोर्तुगीज काळ (१५३४–१७३९) : पोर्तुगीजांनी प्रथम गुजरातच्या किनाऱ्यावरील बंदरांची नाकेबंदी केली आणि आगाशीसारखी जहाजबांधणीची ठिकाणे जाळली. गव्हर्नर नूनो द कुन्या याने १५३३ मध्ये वसईवर हल्ला केला. हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटे त्यातच होती. या तहातील नाविक कलमे लक्षात घेण्याजोगी आहेत. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघावे आणि परतताना वसईसच येऊन जकात भरावी, पोर्तुगीज परवान्याशिवाय जहाजे अन्यत्र नेऊ नयेत व गुजरातच्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत, असे ठरले. म्हणजे पोर्तुगीजांनी भूमीबरोबरच त्या समुद्रावरील येण्याजाण्याचा हक्क मिळविला. या परवान्यास ‘कार्ताझ’ म्हणत.

किल्ल्याचे बांधकाम १५३६ मध्ये सुरू झाले. पुढे जुन्या बालेकिल्ल्याभोवती संपूर्ण शहरच दगडी तटाने वेढण्यात आले. या तटाला जमिनीकडे एक व खाडीकडे एक अशी दोन मुख्य द्वारे होती. दमणपासून चौलपर्यंतच्या उत्तर प्रांताचे वसई हे मुख्य ठाणे झाले आणि त्या प्रांताचा सेनापती येथे राहू लागला. सागरी संरक्षणासाठी पावसाळा संपल्यावर गोव्याहून उत्तरेकडे आरमार निघे. व्यापारी गलबतांचे तांडे त्याच्या संरक्षणाखाली खंबायतपर्यंत जात-येत. खाड्यांत मात्र उथळ बुडाची, वल्ह्यांवर चालणारी लहान जहाजे वापरीत.

या व्यवस्थेचे मर्म गोव्याच्या आरमारात होते, वसईच्या तटात नव्हते. सतराव्या शतकात डच व इंग्रज यांच्या स्पर्धेमुळे पोर्तुगीजांचे नाविक बळ घटले, तेव्हा ही उणीव उघडी पडली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईच्या किनाऱ्यावर उतरून कोटाबाहेरील चर्च लुटली. तटातील शिबंदी त्यांना अडवू शकली नाही. मुंबई बेट १६६१ च्या विवाह-तहाने इंग्लंडच्या राजाकडे व १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले होते. त्यामुळे वसईच्या दक्षिणेस एक नवी नाविक सत्ता वाढीस लागली.

मराठी आरमाराचा उदय व वसई : छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यानंतर तेथे जहाजबांधणी सुरू केली. ही जहाजे समुद्रात यायची, तर पोर्तुगीजांच्या ताब्यातील जलमार्गांतूनच येणे भाग होते. त्यामुळे वसईच्या अधिकाऱ्यांना या घडामोडीची त्वरित जाणीव झाली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण व पनवेल येथे शहाजीराजांचा पुत्र लढाऊ जहाजे बांधीत असल्याची चिंता व्यक्त झालेली आढळते. कल्याणच्या कामावर रुई लैतांव व्हिएगश व त्याचा मुलगा हे पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या अधिकाऱ्याने त्यांना फितवून आपल्या माणसांसह काम सोडावयास लावले. तथापि त्यामुळे मराठी आरमाराची वाढ थांबली नाही. पुढे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व कुलाबा या जलदुर्गांच्या आश्रयाने ते वाढले.

या आरमारात गुराब व गलबत ही मुख्य लढाऊ जहाजे होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची व मोठ्या तोफा वाहणारी असे. गलबत हलके, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे व चपळ असे. वारा पडला म्हणजे गलबतांनी गुराब ओढून नेण्याची रीत होती. माल व रसद यांसाठी शिबाडे, पडाव व मचवे वापरीत. खलाशी व तांडेल मुख्यतः कोळी, भंडारी इ. किनारपट्टीवरील समाजांतून येत. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले असून पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असे प्रमाण सांगितले आहे. रयतेची आंबा-फणसाची झाडे जहाजांसाठी तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, असाही दंडक त्यात आहे.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात आरमाराची शक्ती कळसास पोहोचली. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली आणि बाजीराव पेशव्याशी पोर्तुगीजांना १७२२ च्या प्रारंभी तह करावा लागला. परंतु १७२९ मध्ये कान्होजींचा मृत्यू झाला व पुढे त्यांच्या पुत्रांत फूट पडली. मानाजी कुलाब्यास व संभाजी विजयदुर्गास असे आरमाराचे दोन तुकडे झाले. वसईच्या मोहिमेच्या वेळी मराठ्यांचे नाविक बळ असे विभागलेले होते.

वसईची मोहीम (१७३७–३९) : चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखालील ही मोहीम मुख्यतः भूदलाची म्हणून ओळखली जाते, परंतु तिची आखणी पाहिल्यास वसईला जलमार्गाने मिळणारी मदत तोडणे हा तिचा पाया होता असे दिसते. मार्च १७३७ च्या अखेरीस ठाणे घेऊन मराठ्यांनी खाडीचे वरचे टोक ताब्यात आणले व साष्टी बेटात प्रवेश केला. त्याच सुमारास अर्नाळा त्यांच्या हाती पडले. बाजीरावाच्या आज्ञेने तेथे नवा किल्ला बांधण्यात आला. किल्ल्याच्या प्रवेशद्वारावरील शिलालेखात बाजीरावाने शंकराजीस समुद्रात त्वरेने जंजिरा बांधण्याची आज्ञा केल्याचा उल्लेख आहे. वसईच्या कोटावर मात्र १७३७ च्या पावसाळ्यात केलेले हल्ले निष्फळ ठरले. समुद्राची वाट मोकळी असल्याने आतील शिबंदीला रसद व माणसे मिळत राहिली.

१७३८ च्या अखेरीस उत्तर प्रांताचा सेनापती पेद्रू द मेलू याने खाडीतून जहाजे नेऊन ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. त्यात तो तोफेच्या माऱ्याने मारला गेला. त्यानंतर जलमार्गाने प्रतिहल्ला करण्याची पोर्तुगीजांची उमेद खचली. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने उत्तरेकडील माहीम व तारापूर ही ठाणी घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. फेब्रुवारीत वसईला निकराचा वेढा पडला. धारावीही मराठ्यांकडे आल्याने खाडीच्या मुखावर दक्षिणेकडून मारा करणे शक्य झाले. मानाजी आंग्रे याने उरण (करंजा) घेतले आणि त्याच्या आरमाराचा धाक समुद्राकडून बसला. याच वेळी व्यंकटराव घोरपडे याने गोव्याच्या प्रदेशात स्वारी करून पोर्तुगीजांना तेथेच गुंतवून ठेवले. वसईची खरी राखणदार जहाजे गोव्याची होती आणि तीच येऊ शकत नव्हती. मुंबईच्या इंग्रजांकडे मदतीची याचना झाली. त्यांनी थोडा दारूगोळा व चर्चमधील चांदी व काही तोफा तारण घेऊन कर्ज दिले, पण सैन्य पाठविले नाही.

मोहिमेवर ऋतुचक्राचेही दडपण होते. जूनपासून समुद्र बंद होत असल्याने आरमार किनाऱ्यावर ओढून घ्यावे लागे आणि दलदलीत मोर्चे राखणे अशक्य होई. मे संपण्यापूर्वी कोट पडला नाही, तर पावसाळ्यात पोर्तुगीजांना उसंत मिळून शरद ऋतूत नवी जहाजे येण्याचा संभव होता. किल्ल्याच्या दक्षिणेस व पूर्वेस खाडीचे पाणी व चिखल असल्याने मराठ्यांनी उत्तरेच्या कोरड्या बाजूकडून खंदक खणीत तटाखाली सुरुंग नेले. १३ मे १७३९ रोजी सुरुंग उडवून सेंट सेबॅस्टियन व रेमेदियस या बुरुजांच्या बाजूस खिंडारे पाडण्यात आली. दोन दिवसांच्या तुंबळ लढाईत मराठ्यांची फार मोठी हानी झाली. अखेर १६ मे रोजी किल्लेदार कायतानु द सोझा पेरेरा याने शरणागतीचा तह केला. शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले व २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. या विजयाचे स्मारक म्हणून वसईकडील चर्चच्या घंटा देशावरील देवळांत नेण्यात आल्या. नासिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

पेशव्यांचा वसई सुभा : वसईस बाजीपूर असे नाव देण्यात आले आणि शंकराजी केशव फडके याची सरसुभेदार म्हणून नेमणूक झाली. किनाऱ्याचा लांब पट्टा थेट पेशव्यांच्या अमलाखाली आल्यामुळे आंग्र्यांवर अवलंबून न राहणारे स्वतःचे आरमार त्यांना आवश्यक झाले. त्यातून वसईच्या आरमाराचा स्वतंत्र सुभा उभा राहिला. अर्नाळा हे त्याचे उत्तरेकडील आश्रयस्थान होते. व्यापारी जहाजांना दस्तके देणे, विनापरवाना जहाजे पकडणे, जकातीचे रक्षण करणे व किल्ल्यांना रसद पोहोचविणे ही या आरमाराची नित्याची कामे होती. पोर्तुगीजांच्या कार्ताझचेच तत्त्व आता मराठी दस्तकांच्या रूपाने त्या समुद्रात चालू राहिले.

परंतु या आरमाराची वाढ मर्यादित राहिली. त्याची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. पेशव्यांचे लक्ष व पैसा उत्तर हिंदुस्थान व कर्नाटक येथील मोहिमांकडे ओढला जाई. आरमाराचा खर्च किनाऱ्यावरील महाल व दस्तकांचे उत्पन्न यांतून भागवावा लागे. याउलट मुंबईत १७३५ नंतर सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया याच्या हाताखाली जहाजबांधणीस वेग आला आणि १७५० मध्ये तेथे सुकी गोदी तयार झाली. खोल समुद्रात बारमाही टिकणारी मोठी सागवानी जहाजे तेथे बांधली जाऊ लागली. मराठी आरमार मात्र किनारा व खाड्या यांच्या युद्धासाठीच घडलेले होते. तशात तुळाजी आंग्रे याचा बंदोबस्त करण्यासाठी बाळाजी बाजीराव पेशव्याने इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला व फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना तोल देऊ शकणारी मुख्य नाविक शक्ती नष्ट झाली. तिची भरपाई वसई व विजयदुर्ग येथील सुभ्यांना पूर्णपणे करता आली नाही.

इंग्रजांशी संघर्ष : साष्टी व वसई ही ठाणी मिळविणे हे मुंबईकर इंग्रजांचे जुने ध्येय होते. नारायणराव पेशव्याच्या खुनानंतरच्या गोंधळात, पोर्तुगीज आरमार साष्टीवर येणार असल्याचे निमित्त करून त्यांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे घेतले. या हल्ल्यात बाँबे मरीनचा कमोडोर जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. मार्च १७७५ च्या सुरत येथील तहाने रघुनाथरावाने वसई व साष्टी इंग्रजांना देऊ केली. परंतु पुण्याच्या कारभाऱ्यांनी वसई सोडली नाही. नोव्हेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्ड याने वसईस वेढा घातला. चिमाजी आप्पाप्रमाणेच त्याने उत्तरेकडून मोर्चे चालविले. तोफा, दारूगोळा व रसद मुंबईहून विनाअडथळा समुद्रमार्गे पोहोचत राहिली. किल्ल्यास जलमार्गाने मदत देणे मराठ्यांना शक्य झाले नाही. डिसेंबरमध्ये किल्ला पडला आणि त्याच सुमारास मदतीस आलेले रामचंद्र गणेश कानडे वज्रेश्वरीनजीक दुगाडच्या लढाईत मारले गेले. जानेवारी १७८१ मध्ये अर्नाळाही शरण आले. १७३९ मध्ये पोर्तुगीजांची जी स्थिती होती, तीच एकेचाळीस वर्षांनी मराठ्यांची झाली.

साल्बाईच्या तहान्वये (१७८२) वसई पेशव्यांस परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. त्यामुळे खाडीचा दक्षिण तीर परकीयांच्या हाती गेला व वसईचे नाविक महत्त्व कमी झाले. विजयदुर्गचे आरमार आनंदराव धुळप याच्या हाताखाली अद्याप जोमात होते. एप्रिल १७८३ मध्ये त्याने ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले. मात्र या यशाने समुद्रावरील एकूण समतोल पालटला नाही. यशवंतराव होळकराकडून पराभूत झाल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि डिसेंबर १८०२ मध्ये इंग्रजी जहाजातून वसईस आला. पेशव्यांच्या आरमाराच्या एका मुख्य ठाण्यावर खुद्द पेशव्याने परकीय जहाजातून यावे, यातच त्या आरमाराची अवस्था कळून येते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे झालेल्या तहाने त्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८१८ मध्ये पेशवाईबरोबर तिचे आरमारही संपुष्टात आले.

उत्तरकाल : ब्रिटिश अमदानीत किनाऱ्याचे रक्षण मुंबईच्या आरमाराकडे केंद्रित झाले आणि वसई व अर्नाळा ही ठाणी निरुपयोगी ठरली. बाँबे मरीनपासून निघालेली ही परंपरा अनेक स्थित्यंतरांनंतर १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीपर्यंत आली व २६ जानेवारी १९५० पासून भारतीय नौदल म्हणून चालू आहे. किनाऱ्यालगतची गस्त, तस्करीस आळा व समुद्रात सापडलेल्यांची सुटका यांसाठी १९७८ च्या कायद्याने तटरक्षक दल स्थापन झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी मासेमारी बोटीतून समुद्रमार्गे आले. त्यामुळे लहान बंदरे व खाड्या यांच्या संरक्षणाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सागरी पोलीस, त्यापलीकडे तटरक्षक दल व खोल समुद्रात नौदल अशी त्रिस्तरीय रचना रूढ झाली. अर्नाळा येथे सागरी पोलीस ठाणे आहे. मच्छीमारांची ओळखपत्रे व बोटींची नोंदणी यांवर भर देण्यात येतो. समुद्रावरील अनोळखी हालचाल प्रथम ध्यानात येते ती वसई, नायगाव व अर्नाळा येथील कोळ्यांसारख्या दर्यावर्दी लोकांच्या. म्हणून या व्यवस्थेत त्यांचा सहभाग मोलाचा मानला जातो.

अर्नाळ्याचे नाव भारतीय नौदलाने दोनदा धारण केले. सोव्हिएट बनावटीची पहिली ‘आयएनएस अर्नाळा’ १९७२ मध्ये दाखल होऊन १९९९ मध्ये निवृत्त झाली. त्याच नावाची दुसरी नौका १८ जून २०२५ रोजी विशाखापटनम येथे नौदलात दाखल झाली. कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने एल अँड टी कंपनीच्या सहयोगाने बांधलेली ही युद्धनौका सु. ७७ मी. लांब व सु. १,५०० टन विस्थापनाची आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातील पाणबुड्यांचा शोध घेऊन त्यांचा नाश करणे हे तिचे मुख्य कार्य असून अशा सोळा नौकांच्या मालिकेतील ती पहिली होय. मराठी गलबतांची भिस्त ज्या उथळ पाण्यावर होती, त्याच पाण्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र प्रकारची नौका बांधण्याची गरज आजही भासते. किनाऱ्याजवळचे आरमार व दूरच्या समुद्रातील आरमार ही परस्परांना पर्याय नसून पूरक असतात. पोर्तुगीजांना पहिल्याची व मराठ्यांना दुसऱ्याची उणीव भोवली. वसईच्या तटाची खिंडारे ही या दोन्ही उणिवांची साक्ष होत.